नाताळ : शब्द कुठून आला?

कोथरूडच्या एका वाचक बाईंनी विचारलं आहे : "मुलीच्या शाळेच्या सूचनेत 'नाताळची सुट्टी' असं लिहिलं होतं. नाताळ हा शब्द मूळचा आपला का? 'नातं' या शब्दाशी त्याचा काही संबंध आहे का? आणि नाताळची की नाताळाची?"

नात्याशी संबंध जोडण्याचा मोह होतो, कारण सणाला नातेवाईक जमतात. पण नाताळ हा शब्द थेट पोर्तुगीजातून आला आहे. त्या भाषेत या सणाचं नावच 'नाताल'. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार हे शब्द ज्या वाटेनं मराठीत आले, तीच याची वाट. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि वसईत १७३९ पर्यंत होते. म्हणजे इंग्रजांचं राज्य येण्याच्या कितीतरी आधीपासून या सणाचं हे नाव किनाऱ्यावर ऐकू येत होतं. गुजरातीतही हाच शब्द आहे, फक्त तिथे तो 'नाताल' राहिला. मराठीनं आणि कोकणीनं शेवटी 'ळ' घेतला.

पोर्तुगीज शब्दाच्या मागे लॅटिन आहे. 'नातालिस' म्हणजे जन्माचा, 'दिएस नातालिस' म्हणजे जन्मदिवस. इटालियन 'नाताले' आणि फ्रेंच 'नोएल' हे त्याचेच वंशज. मला सगळ्यात जास्त आवडतो तो याच्याही मागचा भाग. लॅटिनमध्ये जन्मलेला म्हणजे 'नातुस', आणि त्याचं जुनं रूप 'ग्नातुस'. पुढे सुरुवातीचा 'ग' गळाला. तो 'ग' परत लावून बघा आणि शेजारी संस्कृतातला 'जन्' धातू ठेवा : जन्म, जनक, प्रजा, जात. मूळ एकच. जन्माष्टमीतला 'जन्म' आणि नाताळातला 'ना' हे हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले भाऊबंद आहेत. शब्द परका खरा, पण कुळ ओळखीचं निघालं.

'दिएस नातालिस'चा आणखी एक अर्थ सांगण्यासारखा आहे. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक हुतात्म्याच्या मृत्यूच्या दिवसालाही हेच म्हणत, कारण त्यांच्या लेखी तो स्वर्गातला जन्म. येशूचा जन्म २५ डिसेंबरला मानल्याची जुनी नोंद रोममधली आहे, इसवी सन ३३६ ची.

'ख्रिसमस'ची गोष्ट वेगळी. त्यात जन्म कुठेच नाही. ख्रिस्त आणि 'मास' मिळून तो शब्द झाला, आणि 'मास' म्हणजे आपल्याकडचे कॅथलिक ज्याला मिस्सा म्हणतात ती उपासना. ख्रिस्ताची मिस्सा, एवढाच अर्थ. 'ख्रिस्त' हे ग्रीक 'ख्रिस्तोस', म्हणजे अभिषिक्त. हिब्रू 'मशीहा'चं ते भाषांतर. इंग्रज तोंडानं 'क्रिसमस' म्हणतो, पण आपण 'ख' लिहितो आणि तो मूळ ग्रीक अक्षराला जवळचा आहे. ते अक्षर, 'खी', दिसायला इंग्रजी एक्ससारखं. म्हणून 'एक्समस' लिहिलं की ख्रिस्ताचं नाव पुसलं, हा समज चुकीचा. तो एक्स नसून ख्रिस्ताच्या नावाचं पहिलं अक्षर आहे.

पुण्याला तर हा सण कॅम्प, म्हणजे इंग्रजांची लष्करी छावणी, वसण्याच्या आधीपासून माहीत असणार. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ चं, आणि त्याला जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी, आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. त्या शिपायांत गोव्याकडचे लोक होते, त्यांच्या तोंडी 'नाताळ'च असणार. म्हणून मराठी वाक्यात मी तोच शब्द वापरते. ख्रिसमस ट्री मात्र ख्रिसमस ट्रीच राहू द्यावा. 'नाताळवृक्ष' कानाला खडखडतो.

आता नाताळची की नाताळाची. शब्द पुल्लिंगी आहे : नाताळ आला, नाताळ झाला. देव, देवाचा या चालीनं 'नाताळाची' नियमाला धरून आहे, आणि 'नाताळात' तर आपण सर्रास म्हणतो. पण 'सोमवारची सुट्टी' म्हणतो तसं, अशा कालवाचक शब्दांना सामान्यरूप न करता प्रत्यय लावायची आपली सवय आहे, त्यामुळे 'नाताळची सुट्टी' जास्त रुळलं आहे. शाळेची सूचना बरोबर आहे. 'नाताळाची' कुणी लिहिलं तरी लाल रेघ मारू नये.