आधी तुझं मत कागदावर उतरू दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

बेसबॉल क्लबची एरिया स्काउट, म्हणजे आपल्या भागातली होतकरू मुलं हेरणारी, म्हणून न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनिया तुझ्याकडे आल्याचं कळलं, फार आनंद झाला. भाग अवघड आहे. फ्लोरिडा, कॅलिफोर्नियातली मुलं जवळजवळ वर्षभर खेळतात. तुझ्याकडे शाळांचे सामने एप्रिलच्या तोंडावर सुरू होतील, त्यातले काही पावसात जातील, आणि जुलैतल्या ड्राफ्टपूर्वी, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याआधी, एकेका मुलाच्या मोजक्याच खेळी तुझ्या वाट्याला येतील. त्या कशा बघायच्या, याबद्दल हे पत्र.

आपण क्रिकेटवर वाढलो. 1988 साली हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकर-कांबळीने 664 धावांची नाबाद भागीदारी केली आणि दोन शाळकरी पोरांची नावं घराघरांत पोचली. धावा मोठ्या तर खेळाडू मोठा, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. इथे ते बाजूला ठेव. हायस्कूलमध्ये .500 च्या सरासरीने, म्हणजे दोनात एक हिट, मारणारी मुलं तुला खूप भेटतील, कारण समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ताशी 75 मैलांनी टाकत असतो आणि हातात धातूची बॅट असते. त्या बॅटच्या दांड्याजवळ लागलेला चेंडूही इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांच्या, डोक्यावरून जाऊन पडतो. लाकडाची असती तर बॅट मोडली असती. कॉलेजच्या मुलांसाठी केप कॉड लीग आहे, तिथे उन्हाळ्यात लाकडी बॅटने खेळतात. ती कामगिरी जरूर बघ.

मैदानावर सामन्याच्या तासभर आधी पोच. हे मी प्रत्येक नव्या स्काउटला सांगतो आणि निम्मे तरी ऐकत नाहीत. अख्ख्या सामन्यात शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, एकही अवघड चेंडू आला नाही असं सर्रास होतं, पण सरावात त्याच्याकडे ओळीने चेंडू येतात. त्याचे पाय चेंडूपाशी वेळेत पोचतात का, ग्लोव्हमधून हातात चेंडू किती चटकन येतो, खोलातून फेकताना फेक पहिल्या बेसपर्यंत सपाट जाते की मध्येच मरते, सगळं तिथे दिसतं. नंतर जागा बदलत राहा. उजव्या हाताचा बॅटर पहिल्या बेसच्या बाजूने बघ, म्हणजे त्याची छाती, हात आणि पुढचा पाय समोर येतात. डावऱ्यासाठी तिसऱ्या बेसची बाजू. पिचरसाठी होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे बस, पण एखादी इनिंग बाजूनेही बघ. उजव्या हाताचा असेल तर तिसऱ्या बेसकडून त्याचा खांदा आणि कोपर कसे फिरतात ते कळतं.

स्टॉपवॉच बॅटला चेंडू लागताच सुरू कर, पाय बेसला टेकताच थांबव. उजव्या हाताच्या बॅटरला पहिल्या बेसपर्यंत साधारण 4.3 सेकंद लागले तर धाव मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या, सरासरीइतकी, डावऱ्याला 4.2. जमिनीलगतचा सोपा चेंडू (ग्राउंडर) मारून रमतगमत गेलेल्याची वेळ धरू नकोस. मात्र तो रमतगमत गेला, हे लिही.

रडार गनच्या नादाला फार लागू नकोस. पहिल्या इनिंगचा आकडा सगळ्यांच्या वहीत असतो. पाचव्या इनिंगमध्ये, दोन रनर बेसवर असताना आणि शॉर्टस्टॉपने नुकताच सोपा चेंडू सोडलेला असताना, तो मुलगा काय टाकतो ते तू टिपून घे. ट्रॅकमॅन नावाचं यंत्र फिरकी मोजतं, वेग मोजतं. चूक झाल्यावर पोरगं सहकाऱ्याकडे कसं बघतं, ते मोजणारं यंत्र मला अजून भेटलेलं नाही.

आता गुणांचं. आपली मोजपट्टी 20 ते 80, त्यात 50 म्हणजे मेजर लीगची सरासरी. प्रत्येक कौशल्याला दोन आकडे द्यायचे, एक आजचा, एक पुढचा. अठरा वर्षांच्या मुलाचा आजचा आकडा बहुतेकदा 30 च्या आसपासच असतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढचा आकडा देताना मात्र कारण लिहायला हवं. खांदे रुंद आहेत, वजन वाढायला जागा आहे, बॅट चेंडूच्या वाटेत (झोनमध्ये) बराच वेळ राहते, असं डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी. ‘मला आवडला’ हे कारण नव्हे.

आणि हे सगळं कुणाशी बोलायच्या आधी लिही. होम प्लेटमागे स्काउट जमतात, गप्पा चांगल्या रंगतात, माणसंही चांगली असतात. पण दुसऱ्याने 60 म्हटलेलं कानावर पडलं की आपला 45 नकळत 55 होतो. तुझ्याच भागातलं मिलव्हिल घे. 2009 मध्ये तिथला माइक ट्राउट ड्राफ्टमध्ये 25वा गेला. थंडीतला छोटा मोसम, समोर साधे पिचर, म्हणून बऱ्याच जणांनी हात आखडता घेतला. त्याला घेणाऱ्या खुद्द एंजल्स क्लबने 24व्या क्रमांकावर आधी दुसरा मुलगा घेतला होता. त्यांचे स्काउट ग्रेग मोरहार्ट ट्राउटसाठी ठाम राहिले. ट्राउटच्या वडिलांबरोबर ते मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या लीगमध्ये, खेळले होते, घर ओळखत होते. पुढे ट्राउट तीनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू, झाला. दर वेळी असं होत नाही. 1999 मध्ये टॅम्पा बेचे स्काउट फर्नांडो अरांगो अल्बर्ट पुहोल्ससाठी झटले, क्लबने त्याला घेतलं नाही, आणि तो 13व्या फेरीत, 402वा, कार्डिनल्सकडे गेला. त्याने 703 होम रन मारले. तुझंही कधी ऐकलं जाणार नाही. तरी आकडा बदलू नकोस.

मुलांच्या घरी जाशील तेव्हा जास्त ऐक. 2012 पासून पहिल्या दहा फेऱ्यांसाठी प्रत्येक क्लबला बोनसची ठरलेली रक्कम असते, त्यामुळे पोरगा किती पैशांना सही करेल हे आधी कळणं गरजेचं. चार वर्षांच्या कॉलेजात गेला तर साधारण तीन वर्षं तो पुन्हा हाती लागत नाही. पण आईवडिलांना फेरीचा किंवा रकमेचा शब्द देऊ नकोस, तो द्यायचा अधिकार तुझा नाही, आणि त्या शब्दावर कुणी कॉलेजची स्कॉलरशिप सोडू शकतं. पिचर असेल तर शाळेसाठी आणि ट्रॅव्हल टीमसाठी (शाळेबाहेरच्या, गावोगावी खेळणाऱ्या संघासाठी) मिळून त्या आठवड्यात किती चेंडू टाकले, ते विचार. कोपर त्याचं आहे, आयुष्यभर त्यालाच वापरायचं आहे. थंडीत तुला दाखवण्यासाठी जास्तीचा टाकायला तयार झाला, तर नको म्हण.

तू फोनवर सांगितलेल्या डावऱ्या पिचरला बघायला मी मे महिन्यात येतोय. त्याआधी तुझा रिपोर्ट सिस्टिममध्ये गेलेला असू दे. मी माझा लिहून झाल्यावरच तो उघडेन. मग कुठेतरी जेवायला बसू आणि जिथे आपले आकडे जुळत नाहीत तिथून सुरुवात करू.

तुझा,
काका

ता.क. छत्री नको, रेनकोट घे. छत्रीत वही धरता येत नाही.