जुनी फियाट घेताना साल बघायचं की दरवाजे?

प्रश्न : काका, मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो, 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांचा शो झाला तेव्हापासून डोक्यात एकच आहे, आपलीपण एक फियाट पाहिजे. दोन बघून ठेवल्यात, एक 1968 ची फियाट आणि एक 1992 ची पद्मिनी. गॅरेजवाला म्हणतो जुनीच घे, तेव्हाचा पत्रा जाड. खरंच एवढा फरक असतो का, बॉडी तर सारखीच दिसते?

उत्तर : अरे, नुसत्या पत्र्यावर जाऊ नकोस. सारखी दिसते कारण मुळात तीच गाडी आहे. इटलीत ही गाडी, म्हणजे फियाट 1100 डी, 1966 ला बंद झाली, पण आपल्याकडे कुर्ल्याला 1964 ला सुरू झालेली तीच गाडी पुढे पद्मिनी नावाने थेट 2000 च्या आसपासपर्यंत निघत राहिली. आता पत्रा ज्या डायवर, म्हणजे पोलादी साच्यांवर दाबतात ना, ते ठोके खाऊन खाऊन झिजतात, मग बॉनेटची, दरवाजाची कड पहिल्यासारखी धारदार येत नाही आणि फट जुळवायचं काम लाइनवरच्या फिटरच्या हातावर येऊन पडतं. नवीन डाय म्हणजे प्रचंड खर्च, त्यात परमिटचा जमाना, गाड्या किती काढायच्या तेसुद्धा सरकार ठरवणार, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं, 1983 च्या शेवटी मारुती येईपर्यंत डाय बदलायची घाई कुणाला असणार? मला याचं खरंच वाईट वाटतं, इतकी गोड गाडी.

म्हणून साल नंतर, आधी गाडीला तिचेच दरवाजे आहेत का ते बघ. हाताने जुळवलेला दरवाजा त्या एकाच गाडीचा असतो, भंगारातून दुसऱ्या पद्मिनीचा आणला तर बिजागरी बसेल पण फट बसेलच असं नाही, मग लांबी, म्हणजे पुट्टी भरतात आणि वरून चकाचक रंग. मऊ कापडात लोहचुंबक गुंडाळून फिरव, जिथे पकडत नाही तिथे लांबी आहे. आणि हिला वेगळी चेसीस, म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडीवरच सगळा भार, त्यामुळे दरवाजाखालचा पट्टा नि फ्लोअर सडला की दरवाजे लोंबतात, तो दोष कारखान्याचा नाही, इतक्या पावसाळ्यांचा. मॅट उचलून बघ, जॅक लावून चारही दरवाजे उघड-बंद कर. एखादा अडकला तर ती गाडी सोड, मग 1968 ची असो की 1992 ची.