जुना कोअर आय-७ डेस्कटॉप घ्यावा की नवा आय-३?

तुमची गरज लिखाण, हिशेब, मुलीचा ऑनलाइन अभ्यास आणि व्हिडिओ कॉल एवढीच आहे, आणि समोर साधारण एकाच किमतीचे दोन पर्याय आहेत : ८ जीबी रॅम व १ टीबी हार्ड डिस्क असलेला जुना ‘आय-७’ आणि ८ जीबी रॅम व २५६ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरतात ती वेगवान डिस्क) असलेला नवा ‘आय-३’. या दोहोंत मी निःशंकपणे आय-३ घ्यायला सांगेन.

आय-३, आय-५, आय-७ ही नावे इंटेल कंपनीच्या एकाच पिढीतील प्रोसेसरांची उतरंड सांगतात. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना त्यांवरून करता येत नाही. म्हणून विक्रेत्याकडे प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक मागा. क्रमांक चार अंकी असेल तर पहिला अंक आणि पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक पिढी सांगतात. स्वस्तात मिळणारा आय-७ बहुधा २६०० किंवा त्याच्या आसपासचा निघतो. आय-७ २६०० हा २०११ सालचा, तर आय-३ १२१०० हा २०२२ सालचा. दोघांतही चार कोअर (प्रोसेसरमधील काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामांचे प्रवाह) आहेत, पण नव्याचा एकेक कोअर जुन्याच्या जवळपास दुप्पट वेगाने काम करतो आणि तेही कमी वीज घेऊन.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातील सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. आडमार्गाने ते जुन्या यंत्रावर बसवता येते, परंतु पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होणार, त्याच्या बाबतीत ही जोखीम घेऊ नये असे मला मनापासून वाटते. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली वापरायची तयारी असेल तर मात्र जुन्या यंत्रातूनही चांगले काम निघते.

रोजच्या वापरात सर्वांत जास्त फरक पडतो तो डिस्कमुळे. हार्ड डिस्कवरील संगणक सुरू करून टास्क मॅनेजर उघडून पाहा : प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो आणि डिस्कच्या रकान्यात कितीतरी वेळ १०० टक्के दिसत राहतात. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात, आणि प्रत्येक वेळी डिस्कचे हेड योग्य जागी सरकून तबकडीचा तो भाग खाली येईपर्यंत साधारण दहा मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर होते. अभ्यासाला बसलेल्या मुलीला रोज पडद्याकडे पाहत ताटकळावे लागू नये, म्हणून १ टीबीच्या मोहापेक्षा २५६ जीबीची एसएसडी बरी. जागा कमी पडली तर मोठी हार्ड डिस्क नंतर जोडता येते.

नवा आय-३ घेताना दोन गोष्टी पाहा. क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि वेगळे कार्ड घ्यावे लागते. तुमच्या कामासाठी तो खर्च वाया आहे. रॅम ८ जीबीच्या एकाच पट्टीत घ्या, म्हणजे रिकाम्या स्लॉटमध्ये पुढे तेवढीच दुसरी पट्टी बसवून १६ जीबी करता येईल.

नवाही परवडत नसेल तर कार्यालयांतून निवृत्त झालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर पाहा, मात्र आठव्या पिढीपासून पुढचेच. त्यांची बांधणी दणकट असते. पण पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड अनेकदा कंपनीच्या खास मापाचे असल्यामुळे बिघाड झाल्यास बाजारातील साधा भाग बसत नाही. त्यांत डिस्प्लेपोर्टच असण्याचीही शक्यता असते, तेव्हा मॉनिटरला कोणती केबल लागेल ते आधी तपासा. जुनी एसएसडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती किती तास चालली आहे आणि तिची प्रकृती कशी आहे, हे विक्रेत्यासमोरच पाहून घ्या.

कोणताही पर्याय निवडला, तरी बिलावर नुसते ‘आय-३, ८ जीबी’ असे न लिहिता प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, एसएसडीची कंपनी व क्षमता आणि वॉरंटीचा कालावधी लिहून घ्या.