गुडघ्याची झीज असेल तर अॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर शॉकवेव्ह घेऊन फायदा होतो का?

उजवा गुडघा, ग्रेड तीनची (चारपैकी) झीज. चढताना फारसं नाही, पण जिना उतरताना जीव जायचा. शॉकवेव्हची, म्हणजे दुखऱ्या जागी मशीनने ठोके देण्याच्या उपचाराची, पाच सिटिंग घेतली, आठवड्याला एक.

तुमच्या प्रश्नातल्या 'बिंदूं'वरूनच आमच्या घरात अजून वाद चालू आहे. वहिनींनी अॅक्युपंक्चरचा कोर्स केलाय. पहिल्या सिटिंगच्या आदल्या रात्री त्यांनी बॉलपेनने माझ्या गुडघ्यावर चार ठिपके काढले. वाटीखालचे दोन खळगे, म्हणजे 'गुडघ्याचे डोळे'. एक वाटीच्या वर, आतल्या अंगाला. आणि एक वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेर: झुसानली. "मशीन इथेच लावायला सांगा, भाऊजी."

फिजिओने ठिपक्यांकडे बघितलंही नाही. अंगठ्याने दाबत गेला, मी कळवळलो तिथे खूण केली. तीन खुणा, तिन्ही वहिनींच्या ठिपक्यांवर! घरी तो त्यांचा विजय ठरला. मला वाटतं, गुडघ्याभोवती बोट रुतेल अशा जागाच मोजक्या, सुईवाला काय नि दाबणारा काय, तिथेच येणार. शिवाय सुईला टोक असतं. माझ्यावर वापरलेल्या रेडियल मशीनचं डोकं चांगलं 15 मिलिमीटर रुंद, आत हवेच्या दाबाने गोळी आदळते आणि लहर त्वचेपासून पसरत जाते. एका सिटिंगला 2000 ठोके. बिंदू कसला, आख्खी आळीच ठोकून निघते.

फायदा झाला. दुसऱ्या सिटिंगनंतर दोन दिवस उलट जास्त ठणकलं, चौथ्यानंतर कठडा न धरता उतरलो. पण तेव्हाच खुर्चीत बसून पाय सरळ ताणून धरायचा व्यायामही चालू होता, तो वहिनी हिशेबात घेतच नाहीत. पुढे मी व्यायाम सोडला, महिन्याभरात दुखणं परत. पुन्हा सुरू केला, मशीनशिवाय कमी झालं. सांध्यात हाडांच्या टोकांवर असते ती झिजलेली कूर्चा लहरींनी उगवत नाही हो.

नुसत्या अॅक्युपंक्चरवर तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये गुडघ्यासाठी ते हात राखून सुचवलं, उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2022 मध्ये देऊच नका म्हटलं. वहिनी 2019 दाखवतात, मी 2022.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, किंवा त्या जागी गाठ वा जंतुसंसर्ग असेल, तर शॉकवेव्हआधी डॉक्टरांना सांगा. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

आणि वहिनी, वाचत असाल तर: झुसानलीवर अंगठा दाबला तेव्हा मला काहीही झालं नव्हतं.