कर्करोग ‘जनुकीय’ की ‘आनुवंशिक’?

प्रश्न असा आला आहे: एका लेखात आधी ‘कर्करोग हा जनुकीय आजार आहे’ असं वाचलं आणि पुढच्याच परिच्छेदात ‘बहुतेक कर्करोग अनुवांशिक नसतात’ असं. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असेल तर यातलं एक वाक्य चूक असणार, ते कोणतं? आणि शब्द ‘अनुवांशिक’ लिहायचा की ‘आनुवंशिक’?

शुद्धलेखनाचं आधी सांगतो. ‘इक’ प्रत्यय लागला की शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते. उद्योग–औद्योगिक, परंपरा–पारंपरिक, तसंच अनुवंश–आनुवंशिक. ‘वं’चा ‘वां’ व्हायचं काही कारण नाही.

आता अर्थ. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, कारण शब्द समानार्थी नाहीत. आनुवंशिक म्हणजे आईच्या बीजांडातून किंवा वडिलांच्या शुक्राणूतून अपत्याकडे आलेलं. जनुकीय म्हणजे जनुकांशी संबंधित, एवढंच. ते जनुक जन्माआधी बिघडलं की वयाच्या साठाव्या वर्षी, सगळ्या शरीरात बिघडलं की फुफ्फुसातल्या एका पेशीत, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. आनुवंशिक आजार जनुकीय असतो. प्रत्येक जनुकीय आजार मात्र आनुवंशिक नसतो.

घोटाळ्याला इतिहास आहे. इंग्रज जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १९०५ मध्ये ‘जेनेटिक्स’ हे नाव सुचवलं ते वारशाच्या अभ्यासासाठी, आणि ‘जीन’ (म्हणजे जनुक) हा शब्द डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेन यांनी १९०९ मध्ये आणला. तेव्हा जनुक कशाचं बनलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. ते ओळखू यायचं ते फक्त पिढ्यांच्या हिशोबातून. त्यामुळे ‘जेनेटिक्स’साठीचा मराठी विश्वकोशातला ‘आनुवंशिकी’ हा शब्द त्या मूळ अर्थाला धरूनच आहे. पुढे डीएनएची रचना उलगडली आणि कळलं, की जनुकं प्रत्येक पेशीत आयुष्यभर काम करत असतात, म्हणजे आयुष्यभर बिघडूही शकतात. अर्थ दोन झाले, पण ‘जेनेटिक’ हे विशेषण एकच राहिलं. हिंदीतही ‘आनुवंशिक’ दोन्हींसाठी चालतो. आपण ज्याला जनुकीय अभियांत्रिकी म्हणतो तिला तिथे ‘आनुवंशिक अभियांत्रिकी’ म्हणतात. मराठीने दोन शब्द वेगळे ठेवले. माझ्या मते ही आपल्या परिभाषेची फार मोलाची कमाई आहे आणि ती हातची घालवू नये.

कर्करोगाइतका हा फरक दुसरीकडे क्वचितच महत्त्वाचा ठरतो. पेशी दुभंगताना सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या दोन संचांची नक्कल करते. पोथी उतरवून घेणाऱ्या लेखनिकासारखी तिचीही चूक होते. बहुतेक चुका दुरुस्त होतात, उरलेल्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. पण एखादी चूक पेशीला वाढायला सांगणाऱ्या जनुकात होते आणि ते कायमचं चालू राहतं. एखादी वाढ रोखणाऱ्या जनुकात होते. सुमारे निम्म्या कर्करोगांमध्ये टीपी ५३ हे असलं रोखणारं जनुक बिघडलेलं सापडतं. एखादी चूक दुरुस्ती करणाऱ्या जनुकातच होते, आणि मग चुका भराभर साचतात. एकाने सहसा भागत नाही. अनेक बिघाड एकाच पेशीच्या वाट्याला यायला वर्षं, दशकं लागतात. म्हणून हा मुख्यतः उतारवयाचा आजार.

आणि या चुका पोथीच्या त्या प्रतीवरून उतरवलेल्या प्रतींतच जातात, मूळ पोथीत नाही. फुफ्फुसातल्या पेशीची चूक तिच्या लेकपेशींत उतरते, माणसाच्या लेकरांत नाही. म्हणजे शरीराच्या आत एक वेगळाच वंश चालू असतो. कर्करोगाचे अमेरिकन अभ्यासक पीटर नोवेल यांनी १९७६ मध्ये कर्करोगाची मांडणी अशीच केली: एका पेशीचा वंश, ज्यात नवे बदल होत जातात आणि जास्त वाढणारी शाखा टिकते. पेशींपुरता ‘अनुवंश’ आहे, घराण्यापुरता नाही.

याच नोवेल यांनी डेव्हिड हंगरफर्ड यांच्याबरोबर १९६० मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, नेहमीपेक्षा लहान असलेलं एक गुणसूत्र (पेशीतल्या डीएनएची एक गुंडाळी) पाहिलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे अदलाबदल केलेले असतात. याहून ठळक जनुकीय बिघाड कोणता दाखवणार? पण तो रुग्णाच्या रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशीत झालेला असतो, मुलांकडे जात नाही. जनुकीय, पण आनुवंशिक नव्हे.

दुसरी बाजू रेटिनोब्लास्टोमाची, लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगाची. काही मुलांना तो दोन्ही डोळ्यांत आणि फार लवकर होतो, काहींना एकाच डोळ्यात आणि थोडा उशिरा. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये याचा उलगडा केला. वाढ रोखणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. पहिल्या गटातल्या मुलांच्या प्रत्येक पेशीत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, म्हणून दुसरा घाव पुरतो. दुसऱ्या गटातल्या बहुतेकांत एकाच पेशीवर दोन्ही घाव पडावे लागतात. आजार तोच, जनुकही तेच; पहिल्या गटात ‘आनुवंशिक’ म्हणायचं, दुसऱ्यात बहुधा फक्त ‘जनुकीय’. पहिल्या गटातही बिघडलेली प्रत आईवडिलांच्या शरीरात आधीपासून असतेच असं नाही. कधी ती बीजांडात किंवा शुक्राणूत नव्याने बिघडलेली असते.

आईवडिलांकडून मिळालेला बिघाड मुख्य कारण असलेले कर्करोग एकूण कर्करोगांत साधारण ५ ते १० टक्के. तिथेही वारसा मिळतो तो आजाराचा नाही, धोक्याचा. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए १ या जनुकातला बिघाड आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, हे लोक विसरतात आणि फक्त मावशी-आजीची चौकशी करतात.

आपल्याकडे ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ हे फार पटकन बोललं जातं, आणि लग्नाच्या बोलणीत ते मुलीच्या वाट्याला येतं. बापाला तोंडाचा कर्करोग झाला, मग मुलाला झाला, तर बहुतेक वेळा आधी चंचीकडे, मशेरीकडे, गुटख्याकडे पाहायला हवं. तंबाखूतली रसायनं डीएनएला चिकटून चुका घडवतात. घरात सवय चालत आली. तिने केलेला बिघाड जनुकीय आहे, पण बापाच्या जनुकांतून तो आलेला नाही.

तपासणीचा कागद वाचतानाही हेच लक्षात ठेवा. गाठीचा तुकडा तपासून ‘ईजीएफआर जनुकात उत्परिवर्तन’ (म्हणजे पेशीला वाढायला सांगणाऱ्या एका जनुकात बदल) असं आलं, तर ते बहुधा गाठीपुरतं असतं आणि औषध ठरवायला कामी येतं. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून बीआरसीए तपासतात ती चाचणी वारशाची. दोन्हींना ‘जनुकीय चाचणी’ म्हणतात आणि ते चूक नाही, पण लिहिणाऱ्याने ‘गाठीची जनुकीय चाचणी’ आणि ‘आनुवंशिक धोक्याची चाचणी’ असं फोडून लिहावं. पहिलीचा कागद हातात घेऊन ‘मुलांनाही होणार का?’ असं विचारणाऱ्याला डॉक्टरांनी बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणायचं असतं. आणि गाठीतच बीआरसीएचा बिघाड दिसला, तर दुसरी चाचणीही करून घ्यायला सांगायचं असतं.