रेझिन कालवायला भांडं कुठलं घ्यायचं?

प्रश्न: काका, मी घरी रेझिनचे कीचेन आणि फोटोफ्रेम करालोय, गणपतीच्या हारातली झेंडूची फुलं वाळवून त्यात घालतो. माप अगदी बरोबर घेतोय, दोन भाग रेझिन आणि एक भाग हार्डनर, तरी दोन दिवसांनी बघितलं की मधेमधे चिकट डाग राहिलेले असतात, बाकी सगळं दगडासारखं. चहाच्या कागदी कपात कालवतो. एकदा आईच्या स्टीलच्या वाटीत केलं तर ती वाटी गेली ती गेलीच, आई अजून बोलालीय. काय चुकालंय कळंना झालंय.
(शहापूर, बेळगाव)

उत्तर: आधी त्या वाटीचं सांगतो, ती आता परत जेवणात घ्यायची नाही, आईला नवीन आणून दे आणि विषय मिटव. घरात दोन ट्यूबवाला अ‍ॅराल्डाइट असतो ना, तो इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणारा माल, आणि तुझं साच्यात ओतायचं म्हणजे कास्टिंगचं रेझिन पण इपॉक्सीच की, म्हणजे ते फुटलेलं जोडणाऱ्या गोंदाचंच भावंड आहे, स्टीलला आणि काचेला ते धरणारच.

आता डागांचं. सगळी फ्रेमच चिकट राहिली असती तर मी म्हटलं असतं माप चुकलंय. पण डाग-डाग चिकट आणि बाकी कडक, म्हणजे माप बरोबर आहे, कालवणं अर्धवट राहतंय, आणि त्यात तुझ्या कपाचा हात मोठा आहे. कागदी कप उलटा करून बघ, बुडाची चकती आणि भिंत जिथं जुळते तिथं आत एक बारीक खाच असते, वरनं कप खाली निमुळता, तुझी काडी तिथपर्यंत पोचतच नाही. तिथं नुसतं रेझिन नाहीतर नुसता हार्डनर दबा धरून बसतो आणि शेवटी तू कप उपडा करून खरवडून खरवडून साच्यात ओततीस तेव्हा नेमका तोच बाहेर येतो. महाग वस्तू आहे, वाया घालवावंसं वाटत नाही, मान्य. पण कपाच्या भिंतीला चिकटलेलं साच्यात खरवडायचं नाही, एवढी एक सवय मोडलीस तरी निम्मे डाग जातील. आणि थंड पेयाचे मेण लावलेले कप असतील तर ते बाजूलाच ठेव, काडीनं घासलं की मेण सुटून मालात उतरतं.

मग घ्यायचं काय? मऊ, दाबलं की वाकणारं, आतनं गुळगुळीत, सपाट बुडाचं आणि शक्यतो सरळ भिंतीचं प्लास्टिक. डब्याच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो तो बघ. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे एचडीपीई, ह्या दोन्हीला इपॉक्सी धरत नाही. दुसऱ्या दिवशी डबा जरा पिळला की आतलं वाळलेलं रेझिन चकतीसारखं टक्कन सुटून येतं, धुवायची भानगडच नाही. आपल्याकडं कुंद्याचे (आपली दुधाची मिठाई), आइस्क्रीमचे डबे घरोघरी साठलेले असतात, त्यात ५ आकड्याचे बघून बाजूला काढ. फक्त कुंद्याच्या डब्याला तुपाचा हात असतो, तो साबणानं दोनदा धुऊन पूर्ण वाळव, तेलकटपणा राहिला तर वर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पाण्याचा थेंब पण नको.

कालवायचं कसं ते तुला शिकवायला नको, कुंदा आटवताना बुडाला लागू नये म्हणून उलथनं कसं बुडातनं आणि कडेनं फिरवतात, तसंच. आइस्क्रीमच्या काडीचं गोल टोक कात्रीनं सरळ काप म्हणजे कोपऱ्यात बसतं. तीनेक मिनिटं हळू ढवळायचं, फेटायचं नाही, फेटलं की बुडबुडे. मग सगळं दुसऱ्या कोऱ्या डब्यात ओतायचं, पहिल्याच्या भिंतीला राहिलेलं तिथंच सोडायचं, नवीन काडी घेऊन परत मिनिट दोन मिनिटं. दोन डबे लागतात, लागू देत.

अजून एक, तुझं दोनास एक हे माप आकारमानाचं आहे का वजनाचं ते बाटलीवर नीट वाच. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळं मिलीचं माप काट्यावर ग्रॅममध्ये घेतलंस तर हार्डनर जास्त पडतो.

प्रश्न: नमस्कार. टीपॉयचा टॉप करायला म्हणून अर्धा लिटरच्या वर रेझिन एकदम एका उंच डब्यात कालवलं, फोन आला म्हणून दहा-पंधरा मिनिटं बाजूला गेलो, येऊन बघतो तर डब्यातनं धूर आणि डबा बुडाकडनं वाकडा झालेला. माल खराब होता काय? परत थर्माकोलचा ग्लास वापरू काय, उष्णता धरत नाही म्हणतात.
(निपाणी)

उत्तर: माल खराब नव्हता ओ, फोन लांबला. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की ते स्वतःच तापतात, आणि जितका ढीग मोठा आणि उंच तितकी आतली उष्णता बाहेर पडायला वाट नाही, मग तापल्यामुळं आणखी भरभर घट्ट होतं, घट्ट होताना आणखी तापतं. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे नमुने करायच्या कारखान्यात होतो तेव्हा हाच उद्योग मी पण केलाय, बादलीभर कालवून चहाला गेलो, आल्यावर बादलीत पिवळा तडकलेला गोळा. तेव्हापासनं चहा आधी.

थर्माकोल तर मुळीच नको. उष्णता आतच कोंडते, उलट लवकर पेटल्यासारखं होतं. आणि कधी फायबरच्या कामाचं ते उग्र वासाचं पॉलिस्टर रेझिन आणलंत तर त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवूनच टाकतं, लग्नातले ते कडक पारदर्शक ग्लास पण त्यात मऊ पडतात, बुडाला ६ आकडा असतो बघा.

तुम्ही पसरट डबा घ्या, घमेल्यासारखा, कालवून झालं की ताबडतोब साच्यात ओता. जाड टॉप असेल तर थोडं थोडं, थराथरानं. बाटलीवर एका वेळी किती जाडी ओतायची ते लिहिलेलं असतं, वर पातळ थर द्यायचं म्हणजे कोटिंगचं रेझिन आणि जाड कास्टिंगचं रेझिन वेगळं येतं. परत कधी डबा हाताला चटका देऊ लागला तर झाकण लावायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही, अंगणात फरशीवर नेऊन ठेवायचा आणि धुरापासनं लांब उभं राहायचं.

प्रश्न: प्लास्टिक टाळायचं म्हणून इथलेच मातीचे कुल्हड घेतले तर?
(खानापूर)

उत्तर: भावना चांगली, पण नको. खानापूरच्या मातीच्या भांड्यांचं कौतुक मलाही आहे, फक्त चकाकीचा लेप नसलेलं कुल्हड पितं, रेझिन पिऊन घेईल, धूळ सोडेल, आणि तुमच्याकडच्या पावसात त्यानं आधीच ओल धरलेली असते ती मालात उतरेल. त्यापेक्षा सिलिकॉनचा कप एकदा घ्या, आत आकडे छापलेला. काम झालं की तसाच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी कातडं सोलल्यासारखं रेझिन निघतं, कप परत कोरा. ओलं रेझिन मोरीत मात्र धुवायचं नाही, आणि हातात नायट्रिलचे ग्लोव्हज.