लांडग्यांवर काम करायचंय, घरचे हसतात

प्रश्न: मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रानातल्या लांडग्यांवर काम करायचं, कळपातला 'अल्फा', म्हणजे लढून बाकीच्यांवर हुकमत गाजवणारा म्होरक्या, शोधून त्याचा अभ्यास करायचा, असं मनात आहे. घरचे म्हणतात, लांडग्यामागे धावून पोट भरत नाही. काय करू?

उत्तर: आधी तुझ्या 'अल्फा'चा निकाल लावू. ही कल्पना मूळ धरते ती प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या अभ्यासापासून, आणि ते लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. पुढे ती घरोघरी पोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या अमेरिकन लांडगे-अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर रानातले लांडगे अनेक उन्हाळे पाहिले आणि १९९९मध्ये ती मोडीत काढली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि पोरं. पोरं मोठी झाली की जोडीदार शोधायला बाहेर पडतात.

घरचे अगदीच चुकत नाहीत. निव्वळ लांडग्यांवरच्या नोकऱ्या मोजक्या, त्यातही पुष्कळशा प्रकल्पापुरत्या. म्हणून सोबत संख्याशास्त्र, जनुकशास्त्र किंवा पशुवैद्यक यांतलं एक पक्कं कर. जनुकशास्त्र कशाला, ते अमेरिकेतल्या आयल रोयाल बेटावर दिसलं. तिथे १९५८पासून लांडगे आणि त्यांचं भक्ष्य असलेली मूस ही मोठी हरणं यांच्यावर अभ्यासकांची नजर आहे. लांडग्यांची जवळच्या नात्यातच वीण होत राहिली, मणक्यात व्यंगं आली, कळप खंगत शेवटी दोनच लांडगे उरले. २०१८पासून बाहेरून नवे आणून सोडावे लागले.

व्यवस्थापनात जायचं असेल तर निम्मं काम माणसांचं. रात्री मेंढ्या गेलेल्या धनगरासमोर बसून त्याचं ऐकून घ्यायचं. दोरीला फडक्यांच्या पट्ट्या बांधून वाड्याभोवती लावल्या तर लांडगे बिचकतात, पण काही आठवड्यांत सरावतात; मग पुढे काय, हे तोच विचारणार. राखणीचे कुत्रे, रात्रीचा बंदिस्त गोठा, वेळेवर भरपाई, सगळं त्याच्याशी बोलूनच ठरतं. बोलायचा कंटाळा असेल तर प्रयोगशाळेकडे वळ, त्यात कमीपणा नाही.

आणि लांडगा फारसा दिसत नाही, दिसते ती त्याची विष्ठा. ती वाळवायची, चाळणीत धुवायची, तिच्यात उरलेला भक्ष्याचा केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून ओळखायचा की हा ससा की शेळी. या सुट्टीत करून बघ: काचपट्टीवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर दे, त्यावर कुत्रा, मांजर, शेळी यांचे केस ठेव, वाळल्यावर उचल. केसाच्या खवल्यांचा ठसा राहतो. शंभर ठसे काढून झाल्यावरही मजा येत असेल, तर मला पुन्हा लिही.